दुसरा आवाज

ग्लेन हॅन्सर्ड डब्लिनचा. मार्केता इर्ग्लोवा चेक प्रजासत्ताकातल्या वालाश्स्के मेझिरिची या गावची. दोघे मिळून 'द स्वेल सीझन' या नावाने गातात. २००६, २००९ आणि २०२५ असे त्यांचे तीन स्टुडिओ अल्बम. मधल्या काळात 'वन्स' नावाचा एक छोटा आयरिश चित्रपट, एक ऑस्कर, एक प्रेम, त्या प्रेमाचा शेवट आणि मग दीर्घ मौन. या गाण्यांविषयी मराठीत सविस्तर लिहिले जावे असे फार दिवस मनात होते. या पुस्तकाने ते काम अंगावर घेतले, म्हणून प्रस्तावना लिहिण्याचे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

या प्रस्तावनेत एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. या जोडीकडे बहुतेक श्रोते 'वन्स' पाहून येतात, आणि तो चित्रपट इतका लोभस आहे की पुष्कळ जण तिथेच थांबतात. मग प्रत्येक गाणे 'त्या दोघांचे पुढे काय झाले' याचे उत्तर म्हणून ऐकले जाते. ही गाणी कथेसाठी ऐकू नयेत, दोन आवाज एकमेकांशेजारी कसे उभे राहतात यासाठी ऐकावीत, असे मला वाटते. त्यातही इर्ग्लोवाचा आवाज मन लावून ऐकावा. तो चटकन पुढे येत नाही. पण तो वजा केला तर मागे उरतात ती हॅन्सर्डच्या आधीच्या बँडची गाणी. चांगलीच, पण वेगळी.

आपल्या कानाला इथे थोडी सवय करून घ्यावी लागते. मराठी युगुलगीतात एक ओळ तो गातो, एक ती गाते. ध्रुवपदावर दोघे एकत्र आले तर बहुधा एकाच सुरावर, फार तर एका सप्तकाच्या अंतराने येतात. सवाल-जवाबाची, रुसव्या-समजुतीची ती रचना आहे. ख्यालगायनात मागे बसलेला शिष्य गुरूला साथ देतो तेव्हा गुरूने घेतलेलीच जागा तो उचलतो. हॅन्सर्ड आणि इर्ग्लोवा मात्र एकच शब्द एकाच क्षणी वेगवेगळ्या सुरांवर गातात. पाश्चात्त्य संगीतात ही रोजची गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी तो दुसरा सूर मुख्य चालीला भरीवपणा देण्यापुरता असतो. गाणे संपल्यावर तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. इर्ग्लोवाची ओळ वेगळी काढून गुणगुणली तरी ती चाल म्हणून उभी राहते. 'फॉलिंग स्लोली' या त्यांच्या गाण्यात मुख्य गायक कोण आणि साथीला कोण, असे कोणी विचारले तर सांगणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. या जोडीचे वेगळेपण मला त्या थांबण्यात दिसते.

हॅन्सर्डचा जन्म १९७०चा. उत्तर डब्लिनमधल्या बॅलिमनच्या उंच सरकारी इमारतींच्या वस्तीत तो वाढला. तेराव्या वर्षी शाळा सोडून गिटार घेऊन तो ग्राफ्टन स्ट्रीटवर गायला उभा राहिला. ग्राफ्टन स्ट्रीट हा वाहनांना बंद असलेला, दोन्ही बाजूंना महागडी दुकाने असलेला शहराचा मुख्य बाजाररस्ता. तिथे गाणाऱ्यांना बस्कर म्हणतात. पुढ्यात गिटारची पेटी उघडी ठेवायची, जाणाऱ्याला वाटले तर तो नाणे टाकतो. आयर्लंडमध्ये याला कोणी भीक म्हणत नाही. आपल्याकडे वासुदेव पहाटे दारात येऊन गातो आणि सुपातले दाणे घेऊन पुढे जातो, त्या देण्याघेण्यात जी अदब आहे तीच इथेही आहे. मात्र ज्यांना थांबायचे काहीच बंधन नाही अशा माणसांसमोर गाताना गळ्यावर त्याचे संस्कार होतात. वर छत नाही, मागे भिंत नाही, समोरचा चालता आहे. हॅन्सर्डचा आवाज कुजबुजीवरून एका ओळीत आरोळीवर जातो, त्या सवयीचे मूळ मला या रस्त्यावर दिसते. त्याच्या जुन्या टाकामिने गिटारच्या लाकडाला वर्षानुवर्षे झिजून मोठे भोक पडले आहे. तीच गिटार घेऊन तो आजही मंचावर येतो.

१९९०मध्ये त्याने 'द फ्रेम्स' हा बँड काढला. पुढच्याच वर्षी ॲलन पार्करच्या 'द कमिटमेंट्स' या चित्रपटात गिटारवादक आउटस्पॅनची भूमिका करून तो लोकांना चेहऱ्याने माहीत झाला, पण त्याला गायचे होते. द फ्रेम्सचे संगीत हे अल्टरनेटिव्ह रॉकच होते. २००१च्या 'फॉर द बर्ड्स' या त्यांच्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीचा हात होता. पिक्सीजचा 'सर्फर रोझा' आणि निर्वाणाचा 'इन युटेरो' ज्याने मुद्रित केला तोच हा अल्बिनी. हळू सुरुवात, मग दाब वाढत जाणे, मग स्फोट, ही त्या परंपरेची बांधणी. द स्वेल सीझनच्या हातात पियानो, गिटार आणि व्हायोलिन दिसते म्हणून पुष्कळ जण त्यांना सरळ लोकसंगीताच्या रांगेत बसवतात. वाद्ये त्या घरची आहेत, पण गाण्याचा सांगाडा रॉकचा आहे. 'लीव्ह' किंवा 'हाय हॉर्सेस' शेवटपर्यंत ऐकले की हे वेगळे सांगावे लागत नाही.

आयर्लंडमध्ये द फ्रेम्सचे चाहते कार्यक्रमात गाणी शब्दन् शब्द बरोबर म्हणत. देशाबाहेर मात्र मोठे यश हुलकावणी देत राहिले. याच बँडच्या सुरुवातीच्या वर्षांत बेस गिटार वाजवणारा जॉन कार्नी १९९३मध्ये बाहेर पडून चित्रपटांकडे वळला. त्याच्याकडे पुन्हा यायचेच आहे.

इर्ग्लोवा हॅन्सर्डहून जवळपास अठरा वर्षांनी लहान. तिचा जन्म १९८८चा. तिचे वडील चेक प्रजासत्ताकात संगीत महोत्सव भरवत आणि द फ्रेम्स तिथे गाऊन गेले होते. त्या ओळखीतून पियानो वाजवणारी ही शाळकरी मुलगी हॅन्सर्डच्या गाण्यांच्या जवळ आली. तिची घडण रस्त्यावरची नाही. घरातला पियानो, अभ्यासाने आलेली बोटांची शिस्त आणि आवाज चढवण्याची मुळीच घाई नसलेला गळा. यान ह्रेबेइक या चेक दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी दोघांनी गाणी केली, आणि २००६च्या वसंतात दोघांच्या नावाने दहा रचनांचा अल्बम निघाला. अल्बमचे नाव होते 'द स्वेल सीझन'. पुढे तेच जोडीचे नाव झाले. हे नाव योसेफ श्क्वोरेत्स्कीच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाचे. १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर हा लेखक कॅनडात गेला आणि तिथे पत्नीबरोबर त्याने देशात बंदी असलेल्या चेक पुस्तकांचे प्रकाशन चालवले. त्याच्या कादंबरीत जर्मन ताब्यातल्या एका लहान गावात सॅक्सोफोन वाजवणारा, मुलींच्या मागे फिरणारा तरुण आहे. भोवती युद्ध चालू असताना संगीतात आणि प्रेमात बुडालेले वय, हे त्या पुस्तकाचे सूत्र.

पहिला अल्बम मला अपुरा वाटतो. गाणी एकेकटी सुंदर आहेत. मार्या तुहकानेनचे व्हायोलिन आणि बर्ट्रांड गालेनचा चेलो यांनी त्यांना गंभीर, लाकडी उबेचा पोत दिला आहे. पण लय जवळजवळ सगळीकडे ठाय आहे, दुःखाचा रंग एकच आहे, आणि दहापैकी बहुतेक रचनांवर हॅन्सर्डचा शिक्का आहे. इर्ग्लोवा तिथे आहे, पण अजून पाहुणी आहे.

ती पाहुणी राहिली नाही याचे श्रेय 'वन्स'ला द्यावे लागते. कार्नीला डब्लिनच्या रस्त्यावरचा गायक आणि एक स्थलांतरित तरुणी यांची गोष्ट करायची होती. गाणी हॅन्सर्डने लिहायची आणि नायक किलियन मर्फीने व्हायचे असे ठरत होते. मर्फी बाहेर पडला तेव्हा हॅन्सर्डच उभा राहिला. मुलीच्या भूमिकेसाठी इर्ग्लोवाचे नाव त्यानेच सुचवले होते. सतरा दिवसांत चित्रीकरण झाले, खर्च सुमारे दीड लाख डॉलर, त्यातला मोठा वाटा आयरिश फिल्म बोर्डाचा. ग्राफ्टन स्ट्रीटवरचे प्रसंग लांबून, दूरच्या भिंगाने टिपले, त्यामुळे मागून जाणाऱ्या माणसांना चित्रीकरण चालू असल्याचा पत्ताही नव्हता. जुलै २००६मध्ये गॉलवेच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, २००७च्या जानेवारीत सनडान्समध्ये प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि जगभर मिळून कमाई दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

यातली मुलगी चेक आहे, हा योगायोग नव्हे. १ मे २००४ रोजी चेक प्रजासत्ताकासह दहा देश युरोपीय संघात आले. जुन्या सदस्यांपैकी आयर्लंड, ब्रिटन आणि स्वीडन या तिघांनीच नव्या देशांतल्या कामकऱ्यांना लगेच दारे उघडी केली. पाहता पाहता डब्लिनच्या दुकानांत, खानावळींत आणि बांधकामांवर पोलिश, लिथुआनियन, चेक बोलणे ऐकू येऊ लागले. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळापासून पिढ्यान् पिढ्या आपली माणसे अमेरिकेला आणि इंग्लंडला पाठवत आलेला हा देश आता बाहेरच्यांना कामावर बोलावत होता. 'वन्स'मधली मुलगी रस्त्यावर मासिके आणि गुलाब विकते, आईला आणि लहान मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहते, आणि दुपारच्या सुट्टीत एका वाद्यांच्या दुकानात मालकाच्या परवानगीने पियानो वाजवते. स्वतःचा पियानो घेणे तिला परवडणारे नाही. त्या काळाच्या आयर्लंडची इतकी खरी नोंद फार थोड्या आयरिश चित्रपटांत सापडते.

त्याच दुकानात, डब्लिनच्या वॉल्टन्समध्ये, 'फॉलिंग स्लोली'चा प्रसंग आहे. तो तिला गाण्याचे कॉर्ड दाखवतो, शब्दांचा कागद पियानोवर ठेवतो, आणि दोन कॉर्डांच्या संथ आवर्तनावर दोघे सुरू करतात. सुरुवातीला ती फक्त पाठोपाठ चालते. मग स्वतःची ओळ शोधते, आणि सापडल्यावर ती सोडत नाही. गाणे शिकणे ही इतकी अवघड, अंतर्गत क्रिया पडद्यावर एवढ्या नितळपणे उतरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्या संगीतपटांत गुरू-शिष्याची दृश्ये पुष्कळ आहेत. तिथे शिष्य चुकतो, रागावून घेतो, शेवटी जमते. इथे कोणी कोणाचा गुरू नाही.

'इफ यू वॉन्ट मी' हे गाणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. चित्रपटात त्याने तिला आपली एक चाल देऊन शब्द लिहायला सांगितले आहे. रात्री प्लेअरची बॅटरी संपते. ती मुलीच्या गल्ल्यातले पैसे उचलते, घरातल्याच कपड्यांत आणि सपातांत दुकानात जाते, आणि नव्या बॅटऱ्या घालून परतीच्या वाटेवर शब्द गात येते. कॅमेरा तिच्यासमोर मागे मागे सरकतो, मध्ये कुठे तुटत नाही. कथेनुसार चाल त्याची आणि शब्द तिचे. प्रत्यक्षात हे गाणे चाल-शब्दांसह इर्ग्लोवाचे आहे. बंद स्टुडिओतल्या अंधारात पियानोवर ती एकटी गाते ते 'द हिल'ही तिचेच. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटते की प्रतिभा त्याची आणि आधार तिचा. गाण्यांचे श्रेय पाहिले की तो समज टिकत नाही.

लयीविषयी एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. स्टुडिओत पहिल्यांदा ध्वनिमुद्रित होणारे 'व्हेन युअर माइंड्स मेड अप' पाच मात्रांचे आहे. रॉक बहुतांशी चार मात्रांत नांदते. पाचाचे आवर्तन तिथे दुर्मीळ. ज्याने झपताल ऐकला आहे त्याला दोन-तीनची विषम चाल परकी नाही, म्हणून आपला कान त्यात पाश्चात्त्य श्रोत्याहून लवकर रमावा. चित्रपटात कंटाळलेला ध्वनिमुद्रक सुरुवातीला फोनवर बोलत असतो. गाणे चढत जाते तसा तो नीट बसतो. हॅन्सर्ड वरच्या टिपेला जाऊन ओरडतो तेव्हाही इर्ग्लोवा खाली स्थिर असते, आणि ती स्थिर असल्यामुळेच ती आरोळी सैल पडत नाही.

२४ फेब्रुवारी २००८च्या रात्री 'फॉलिंग स्लोली'ला ऑस्कर मिळाले. त्याआधी हे गाणे स्पर्धेला पात्र आहे का, यावरच वाद झाला होता. ते पहिल्या अल्बमवर होते, द फ्रेम्सच्या अल्बमवर होते, ह्रेबेइकच्या चित्रपटातही होते. गाणे मुळात 'वन्स'साठीच झाले, चित्रपटाला वेळ लागल्यामुळे ते आधी बाहेर आले, हे अकादमीने मान्य केले. पाच नामांकनांपैकी तीन डिस्नेच्या 'एन्चांटेड'ची होती. मंचावर हॅन्सर्ड बोलला, इर्ग्लोवा बोलायला पुढे झाली, आणि वाद्यवृंद सुरू झाला. ती न बोलता परतली. जाहिरातींनंतर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टने तिला पुन्हा मंचावर आणले. स्वप्न पाहणाऱ्यांनी धीर सोडू नये, अशा आशयाचे चार शब्द तिने शांतपणे सांगितले. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. संगीतासाठी ऑस्कर घेणाऱ्यांत इतके तरुण कोणी नव्हते. त्या प्रसंगाचे कौतुक स्टुअर्टच्या सौजन्यासाठी होते, ते रास्तच आहे. पण दोघांपैकी कोणाचा आवाज जगाला आधी ऐकू येतो आणि कोणासाठी मागाहून जागा करावी लागते, हेही तिथे दिसले.

त्या सुमाराची दोन-अडीच वर्षे धावपळीची होती. सततचे दौरे, बॉब डिलनच्या कार्यक्रमांत आधी गाणे, 'द सिम्पसन्स'च्या आयर्लंडमधल्या भागात आवाज देणे. चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या काळात दोघे प्रेमात पडले होते. ते नाते २००९पर्यंत संपले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'स्ट्रिक्ट जॉय' आला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा अल्बम, आणि याच्याविषयी सर्वांत कमी बोलले गेले आहे.

नाव जेम्स स्टीफन्स या आयरिश कवीच्या कवितेवरून घेतलेले. स्वतःची 'फिनेगन्स वेक' ही कादंबरी पुरी झाली नाही तर ती या माणसाने पुरी करावी, असे जेम्स जॉइसने ज्याच्याविषयी मनात आणले होते तो हा स्टीफन्स. कवितेचा आशय असा, की एक जुना कवी आपल्या दुःखाची इतक्या काळजीने, इतक्या शिस्तीने जोपासना करून त्याचे गाणे करतो की त्या कामातच दुःख विरून जाते. पहिले नाव चेक कादंबरीतून, दुसरे आयरिश कवितेतून, आणि दोन्हींत कला ही दुःखावर किंवा युद्धावर घातलेली फुंकर नाही, ते एक करायचे काम आहे. ताटातूट झालेल्या दोघांनी आपल्याच ताटातुटीवर एकत्र बसून, शब्द तासून, सूर जुळवून गाणी करणे म्हणजे नेमके ते काम. 'द नॅशनल'बरोबर नाव झालेला निर्माता पीटर कॅटिस याच्या हातून ध्वनी भरदार झाला. सोबत द फ्रेम्सचे वादक होते. कोल्म मॅक कॉन इओमेरचे व्हायोलिन या अल्बमवर जिथे जिथे येते तिथे थांबून ऐकावे. काही ठिकाणी भरणा जास्त झाला आहे, हे मान्य करावे लागते. 'लो रायझिंग'मध्ये व्हॅन मॉरिसनच्या बेलफास्टी सोल संगीताची आठवण आहे आणि ती हॅन्सर्डच्या गळ्याला शोभते.

पण अल्बमचे वजन पेलतात ती इर्ग्लोवाची 'फँटसी मॅन' आणि 'आय हॅव लव्ह्ड यू राँग'. दुसऱ्यात कबुली आहे, आणि ती कबुली देताना ती रडत नाही, आवाज चढवत नाही, स्वतःला माफही करत नाही. शेवटी शब्द थांबतात आणि आवाजांची आवर्तने कितीतरी वेळ फिरत राहतात. आपल्याकडच्या भजनात नामाचा गजर अर्थाच्या पुढे जातो तसा हा शेवट अर्थ मागे टाकतो. शेजारी हॅन्सर्ड आहे, पण या वेळी दुसरा आवाज त्याचा आहे. तो किती संयमाने मागे राहतो! तीन वर्षांपूर्वीच्या अल्बमवर पाहुणी असलेली मुलगी इथे घरधनीण झाली आहे.

ऑगस्ट २०१०मध्ये कॅलिफोर्नियात सॅराटोगा इथल्या कार्यक्रमात, गाणे चालू असताना मंचावरच एका श्रोत्याचा मृत्यू झाला. तो आघात पचवायला उपस्थितांना मदत मिळावी म्हणून दोघांनी समुपदेशनाची सोय पुढे केली. त्यानंतर वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. २०११मध्ये दोघांवरचा कृष्णधवल माहितीपट आला. प्रसिद्धीच्या ओझ्याने नाते कसे विरत जाते हे त्यात पाहवत नाही इतके जवळून दिसते. इर्ग्लोवा आइसलंडला स्थायिक झाली आणि तिने 'अनार'पासून स्वतःचे अल्बम काढले. हॅन्सर्डने 'रिदम अँड रिपोज', 'डिडन्ट ही रँबल' असे अल्बम केले आणि डब्लिनच्या बेघरांच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरला. 'वन्स'चे नाटक झाले, एन्डा वॉल्शने लिहिले, जॉन टिफनीने बसवले. २०१२मध्ये त्याला आठ टोनी मिळाले. नटच मंचावर वाद्ये वाजवतात ही त्याची खासियत. जगभर ही गाणी आता ज्या आवाजांत गायली जातात ते आवाज या दोघांचे नाहीत, आणि तरीही दुसरी ओळ इर्ग्लोवाने बांधली तशीच राहते.

जुलै २०२५मध्ये तिसरा अल्बम आला, 'फॉरवर्ड'. तो आइसलंडमध्ये मुद्रित झाला. निर्माते इर्ग्लोवाचे पती स्टुर्ला मिओ थोरिसन. हॅन्सर्ड पंचावन्न वर्षांचा, इर्ग्लोवा सदतीसची, दोघांची आपापली घरे, मुले. आठच गाणी. 'पीपल वी यूज्ड टू बी' या नावावरूनच कळते की भूतकाळ टाळायचा त्यांचा विचार नाही. हा अल्बम 'स्ट्रिक्ट जॉय'च्या उंचीचा नाही. काही गाणी फार लवकर शांत होतात. पण त्याच्याभोवती चित्रपट नाही, प्रेमाची बातमी नाही, पुरस्कार नाही. एकमेकांचे श्वास कुठे पडतात हे ठाऊक असलेले दोन गायक आहेत, आणि एवढ्या वर्षांनी हॅन्सर्डने आरोळी कमी केली आहे. तिच्या ओळीला त्यामुळे मिळालेली जागा कानाला लगेच जाणवते.

पुढची पाने वाचताना गाणी हाताशी असावीत. सुरुवात 'फॉलिंग स्लोली'पासून करू नये, ते आपोआप येईलच. आधी 'द हिल' ऐकावे, मग 'व्हेन युअर माइंड्स मेड अप' पाचाची टाळी देत, मग संपूर्ण 'स्ट्रिक्ट जॉय' एका बैठकीत. 'फँटसी मॅन'पाशी पोहोचल्यावर ते दोनदा ऐकावे; दुसऱ्यांदा फक्त हॅन्सर्डचा आवाज कुठे आहे ते शोधत.